झुपक्याला झुपका नको

ऑगस्ट सरत आला की मी खुराड्यात स्टूल टाकून बसते
आणि कुणाशी बोलत नाही.
बुदीच्या खाऱ्या पाण्यावरून वारा येतो, पत्रा वाजवतो.
कोंबडे छाती काढून पुढून जातात, वळून पुन्हा येतात,
त्यांना वाटतं, मी त्यांचा तुरा बघतेय.
मी पाय बघतेय.

नख्या सरळ आहेत का. उभं राहताना गुडघे आत वळतात का.
काखेत धरला की बोंब मारतो, की नुसता श्वास वाढतो.
किडा सापडला तर कोंबड्यांना हाक मारतो,
की आधी स्वतः गिळून मग हाक मारतो.
याला वहीत रकाना नाही,
मी समासात टिंब देते.

बिनशेपटाची ती कोयोंका.
कोयोंकाला कोयोंका दिली तर दोन पिढ्या निभतं.
तिसरीत पाठ आखडते,
पुढे पुढे कोंबड्याला बूड सावरत नाही
आणि अंडी निघतात निळी, देखणी, पोकळ.
म्हणून मध्येच डेल्फीनकडून एक शेपटाची आणते,
बटाट्याच्या पोत्याच्या बदल्यात.
लोक म्हणतात, एदेल्मीराकडचं रक्त बिघडलं.
म्हणोत.

पण कानाचं वेगळं.
कानाशी झुपका असलेला तो केत्रो,
त्याला झुपकेवाली द्यायची नाही.
आई हे अशा आवाजात सांगायची
जशा आवाजात सांगतात, चुलीत रॉकेल ओतू नको.
कारण विचारलं की दाणे निवडायला घ्यायची.

मी एकोणीस वर्षांची असताना तेमुकोहून एक माणूस आला,
बार्रेनेचेआ नावाचा, चिखलात पॉलिशचे बूट घालून.
म्हणाला, झुपकेवाली पिल्लं दे, जेवढी होतील तेवढी,
सहांना एक वासरू येईल एवढे पैसे.
मी आईच्या पाठीमागे सोयरीक जुळवली.
तांबडा कोंबडा, डावा झुपका मिशीसारखा पिळलेला,
राखी कोंबडी, दोन्ही कानांशी गोंडे.
असं स्थळ दिवा घेऊन शोधलं तरी मिळालं नसतं.

खुडूक कोंबडीखाली बारा अंडी.
सातव्या रात्री कंदिलासमोर धरली, अकरांत शिरांचं जाळं.
चौदाव्या रात्री आत काळोख,
आणि काळोख हलत होता.
एकविसाव्या दिवशी आठ फुटली.
तिघांची मी आणखी एक रात्र वाट पाहिली,
मग चमच्याच्या दांड्याने कवच उचकलं.

सगळं झालेलं होतं.
चोच, नखं, पापण्या, गुंडाळलेली मान.
दोन्ही कानांशी झुपके, ओले, गालाला चिकटलेले.
फक्त यायचं राहिलं होतं.

आई दारात कधी आली कळलं नाही.
रागावली नाही. तिघांना सफरचंदाखाली पुरलं,
हात धुतले, आणि म्हणाली,
आधी कारण सांगितलं असतं
तर तू हिशोब केला असतास.
आठ तर मिळतात, म्हणाली असतीस.

मी तेव्हा तोच करत होते.
आठांत झुपक्याची पाच. वासराला एक कमी.

आईने पुढे वाटण्या केल्या.
चांदीची कर्णफुलं हेर्मिंडाला, ती सांतियागोला गेली.
कोंबड्या मला.
हे बरोबर झालं की नाही, मी ठरवलेलं नाही.

यंदा केत्रो एकच जमला आहे, पिवळट, जरा भांडकुदळ.
त्याच्यासाठी पाहिली आहे ती कोपऱ्यातली,
साधा कान, मातकट रंग,
बाजारात जिला कुणी उलटून बघणार नाही.
पण रुंद पाठीची, आणि गारपिटीतसुद्धा
अंड्यांवरून उठली नव्हती.

काल अंधार पडल्यावर तिला उचललं, पोत्यात घातलं,
त्याच्या खुराड्यात दांडीवर ठेवलं.
रात्री ठेवलं की सकाळी भांडण कमी होतं.

आज उजाडताना तो माती उकरत होता.
काहीतरी सापडलं.
मी वही उघडून, पेन्सिल धरून उभी राहिले,
दुसरीकडे बघत.