कंदीलवाला, भाग चौथा

खोक्यावरचं खरं नाव आम्हाला कधी वाचता आलं नाही.
शाहूपुरीत इर्शादभाईच्या कॅफेत, तासाला पंधरा रुपये,
आम्ही त्याला कंदीलवाला म्हणायचो, बस्स.
एक मुका माणूस, पाण्याखाली गेलेलं गाव,
आणि तेल संपत आलेलं.
कायम संपत आलेलं.
आता इकडं वळ, असं सांगणारं कुणी नाही.

दुसऱ्या भागात पाणचक्कीच्या मागं
एका भिंतीच्या कोपऱ्यात फट होती.
दिसायची नाही.
कंदील विझवून, तिरकं चालत अंग घासलं
की माणूस आरपार.
पलीकडं राखाडी जमीन, राखाडी आभाळ,
बनवणारे जिथं बनवायचे थांबले, ती जागा.
जोतिरामला ती सापडली,
दहावीच्या प्रिलिमला दांडी मारून.
तिथं आम्ही नुसते उभे राहायचो, पैसे मोजून.
इर्शादभाई विचारायचा, काय हाय रं तिथं?
जोतिराम म्हणायचा, काय न्हाई, म्हणून तर.

बारा वर्षांनी चौथा भाग आला.
जुनी कंपनी विकली गेलेली, स्टुडिओ नवा.
गाव तेच ठेवलं, पण कंदीलवाला बोलायला लागला.
बोलायला म्हणजे, थांबेचना.
दार दिसलं की म्हणतो, अरे वा, दार!
अंधार दिसला की विनोद करतो.
तेल आता विकत मिळतं, एकोणनव्वद रुपयांना डबा.
पाठीवर तलवार, तीही सोन्याची.

पोरं पेटली.
फुटबॉलपायी एकमेकांची डोकी फोडणारी दोन तालमींची टाळकी
एका बाकड्यावर बसून
एकाच कटात पाव बुडवायला लागली.
बिंदू चौकातून मोर्चा ठरला.
भूपाल मगदूमनं फलक रंगवला:
आमचा मुका आम्हाला परत द्या.
मग कुणीतरी विचारलं,
मोर्चा न्यायचा कुठं?
स्टुडिओ कुठल्या देशात आहे, तेही ठाऊक नव्हतं.
दसरा चौकापर्यंत गेलो, उसाचा रस प्यालो, परत फिरलो.
फलक भूपालच्या आईनं गोठ्याच्या खिडकीला लावला,
म्हशीला वारं लागतं म्हणून.

त्या रात्री मी पाणचक्कीच्या मागं गेलो.
कंदील विझवला. तिरका चाललो.
भिंत.
पुन्हा. भिंत.
तो म्हणाला, इथून रस्ता नाही वाटतं, दोस्ता!
मी हातातलं फेकून मारलं.
आमच्या घरच्या भिंतीचा पोपडा निघाला.

जोतिरामला फोन लावला, हिंजवडीला.
शिव्या घातल्या, आपल्याकडच्या, पायलीनं मोजून,
मालकाला, स्टुडिओला,
आणि ती फट लिंपणाऱ्याच्या सात पिढ्यांना.
तो ऐकत राहिला. मागं कुठंतरी लिफ्ट वाजली.
मग म्हणाला, भावा,
ती फट मीच नोंदवली.
तपासायचं काम त्यांनी आमच्या कंपनीला दिलेलं.
महिन्याला चाळीस चुका शोधायच्या,
नाहीतर पगार कापतात.
माझ्या एकोणचाळीस झाल्या होत्या.

बराच वेळ दोघंही मुके.
शेवटी त्यानं विचारलं,
इर्शादभाई काय करतो आता?
म्हटलं, झेरॉक्स.

सकाळी उद्यमनगरात, शेडमध्ये, ग्राइंडर हातात.
माझं काम सोपं आहे.
साच्याचे दोन भाग नीट बसले नाहीत
की फटीतून थोडं लोखंड निसटतं,
कडेला पातळ पापुद्रा धरतं.
तो घासून काढायचा.
नगाला सव्वा रुपया.
बारा वर्षांत किती काढले, हिशेब नाही.

आज एक नग तसाच पुढं सरकवला.
का, ते विचारू नका.
पापुद्रा बोटभर लांब होता,
उजेडात निळसर दिसत होता.

दुपारच्या चहाआधीच परत आला,
खडूनं गोल करून.