नवती, पिलबाग, वापसी

उखर्डू फिरके चिठ्ठी घेऊन आले
फैजपूरच्या स्टँडसमोर, माझ्या दुकानात.
पायाला बागेचा चिखल, वाळून पांढरा पडलेला.
चिठ्ठीवर लेकीच्या अक्षरात चार आकडे,
आकड्यांच्या शेपटीला दोन अक्षरं,
त्यांच्याखाली दुहेरी रेघ :
ही दोन नसतील तर आणू नका.

"तडवी, मले एक सांग,
दोन अक्षरांचे सात हजार?"

मी म्हटलं, काका, बसा.
पहिले दोन आकडे म्हणजे पिढी,
पुढचे दोन म्हणजे त्या घरातली पायरी.
मागच्या पिढीचा थोरला
या पिढीच्या धाकट्याला सहज लोळवतो,
तेव्हा मोठ्या आकड्याला भुलायचं नाही.
शेपूट असली की अंगात जोर जास्त,
कधी खरंच, कधी नुसता खोक्यावर.
लॅपटॉपातही हाच नंबर भेटेल,
पण ती कुंडीत लावलेली केळ,
घड धरते, रास भरत नाही.
आणि दोन भाऊ असेही आहेत,
नाव तेच, मेमरी निराळी,
एक पळतो, एक रांगतो,
फरक छापलाय मुंगीच्या पायाएवढा.

ते ऐकत होते
केळीचा भावफलक वाचतात त्या डोळ्यांनी.

"जुनाच माल नव्या नावानं निघतो का रे?"
निघतो कधी कधी.
"म्हंजे पिलबाग. कापला, अन् त्याच बुंध्यातून पुन्हा फुटला.
अन् हे बारके नंबर? ते येगळे बनवतात?"
नाही काका, पुष्कळदा चिप एकच.
जिच्यात चार खोल्या बिघडलेल्या निघतात
तिच्या त्या खोल्यांना कुलूप घालतात
आणि खालच्या नावानं विकतात.

उखर्डू फिरके खुर्चीतच सरळ झाले.
"वापसी!
मंग सरळ वापसी म्हना ना,
एवढं इंग्रजी कसाले?"

मला नऊ वर्षं लागली होती हे कळायला.

मग त्यांनी पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं
एक कार्ड काढलं.
आणलं होतं आधीच, ओळखीतून, स्वस्तात.
मी जोडलं. पडद्यावर नाव आलं,
चारही आकडे, शेपटीची दोन्ही अक्षरं.
पण काम दिलं तेव्हा धापा टाकू लागलं.
पंखा सोडवला, वाळलेली पेस्ट पुसली,
चिपच्या कपाळावर कोरलेलं होतं
दुसरंच नाव, तीन पायऱ्या खालचं.
कुणीतरी त्याला खोटं बोलायला शिकवलं होतं.

बराच वेळ पंख्याची पाती बोटानं फिरवत राहिले.

"माझ्याआधी दोन गेले," म्हणाले,
"म्हनून मायनं मले उकिरड्यावर ठेवलं, उचललं,
नाव ठेवलं उखर्डू,
जमाले वाटावं, कचराच हाये, कोन नेईल.
नाव खोटं ठेवायचं त जगवायले ठेवावं, तडवी.
ह्यानं इकायले ठेवलं."

मी काही बोललो नाही. बाहेर रावेरची गाडी लागली होती.

"हे चालंल का पन?"
चालेल, म्हटलं. हळू.
"तिले केळीचं पान हालवायचं हाये,
वाऱ्यानं फाटतं तसं. त्याच्यावरच बसलीय महिनाभर.
ह्याचं खरं नाव लिहून दे. तिले वाचता येतं."

मी कागदी पट्टीवर मार्करनं लिहिलं, चिकटवलं.
त्यांनी मार्कर मागून घेतला
आणि खाली स्वतःच्या हातानं, वेलांटीवर अडखळत :
वापसी.

पाचव्या दिवशी पहाटे लेकीचा मेसेज आला,
सोबत चार सेकंदांचं चित्र.
रात्रभर लागली त्याला.
पान हलतं, थांबतं, आणि फाटतं
कडेकडून शिरेकडे,
जसं फाटतं तसंच.