यादीत नसलेलं

भडगावच्या पुढे, गिरणेच्या काठी, भास्करच्या वावरात
आम्ही सहा माजी सैनिक
दर सव्वीस जानेवारीला रात्री भरीत करतो.
पळाट्यांचा जाळ,
जाळात बामणोदची हिरवी वांगी, कातडं फुटेपर्यंत.
मी बूट काढून पाय विस्तवाकडे करतो.
डाव्या पायाची दोन बोटं नाहीत,
वर राहिली ती, बर्फात.
भास्करची पोरं टक लावून बघतात.
त्यांनी बघावं म्हणूनच काढतो बूट,
खोटं कशाला बोलू.

हिलाल जाळाच्या पलीकडे, वांगी उलटत.
सतरा वर्षं नोकरी,
सतराच्या सतरा छपराखाली.
देवळाली, जबलपूर, परत जबलपूर.
सकाळी शाळेत झेंड्याला आला तेव्हा
छातीवर नऊ वर्षं भरल्याची एक फीत, इस्त्री केलेली.
सरपंचाने त्याचंही नाव घेतलं,
'वीर जवान' म्हणून,
आणि मी गोरखला कोपर मारलं :
वीराला टाचणी टोचली होती म्हणे, फायलीतली.

आमच्यात हे असंच चालतं.
वरच्या पोस्टवाला खालच्या पोस्टवाल्याला मोजत नाही,
खालचा बेस कॅम्पला, बेस कॅम्प लेहला,
आणि लेहचा स्वयंपाकीसुद्धा
जबलपूरच्या बाबूचं नाव निघालं की थुंकतो.
मीही सगळ्यात वरच्या पोस्टवर नव्हतो.
हे भडगावात कुणाला माहीत नाही.

दोन पेग झाल्यावर गोरखने काडी टाकलीच :
'हिलालभो, सतरा वर्षांत तू काय मारलं रे? माशा?'
सगळे हसले. पोरंही.
हिलालने वांग्यांची सालं काढली,
गर बडगीत टाकला,
मुसळ उचललं.
'पेट्या उघडल्या,' म्हणाला.

कसल्या पेट्या, कुणी विचारलं नाही,
तरी तो सांगत गेला, कुटता कुटता.
वरून जे आले नाहीत, त्यांच्या.
कुलूप तोडायचं. तीन माणसं साक्षीला.
एक जण वस्तू काढून बोलणार, हिलाल लिहिणार.
बनियन, चार. दाढीचा ब्रश, एक.
घड्याळ, एक, चालू.
'चालू लिहिताना हात अडायचा,' म्हणाला,
आणि मिरच्या मागितल्या.

'साक्रीचा धनगर?' मी विचारलं.
भगवान. अकरा आठवडे
तो आणि मी एका दोराला होतो.
त्याचं घोरणं, त्याच्या टाचेच्या भेगा,
रात्री दोनला तो कुणाशी बोलायचा,
सगळं मला ठाऊक.
मला वाटायचं, भगवान धनगर म्हणून जेवढा होता
तेवढा माझ्याकडे आहे.

हिलालने वर पाहिलं नाही.
'लेडीज चप्पल, एक जोड, नवीन, पाच नंबर, बिलासकट.
रेडिओ, एक, बंद.
आन् एक पुडकं.'

'कसलं पुडकं?'

'ते यादीत नही.'

'घरी पाठवलं?'

'जायलं.'

'होतं काय त्यात?'

मुसळ चालू.
शेंगदाणे, कांद्याची पात, लसूण.
गोरख बाटलीचं झाकण लावायला लागला,
लागेना, आटे चुकत होते.
गिरणेवरून वारा आला, आठ डिग्रीचा,
पोरांनी मफलरी ओढल्या,
आणि पहिल्यांदाच मला हसू आलं नाही.
मी बूट शोधायला लागलो.

ज्याने बर्फ पाहिला तो फ्रीजमधला,
त्याच्याकडे माझ्या दोराचं दुसरं टोक.
त्याची कॉलर धरावी वाटली.
विनवावं, असंही वाटलं.
दोन्ही केलं नाही.

हिलालने कळण्याच्या भाकरीचा तुकडा मोडला,
त्यावर भरीत ठेवलं, वाफेसकट,
जाळावरून हात लांब करून माझ्यापुढे धरलं :
'मिठाचं बघ भो, बरोबर शे का?'

हाताची बोटं भाजली.
मीठ बरोबर होतं.
मी म्हणालो, कमी आहे.