चोपन्न मिलिमीटर

स्वयंपाकघरातून आधी ओरेगानो गेला.
मग कॉफीचा चोथा, बाटल्यांची बुचं, दातकोरण्या,
शेवटी भुवया कोरायचा माझा चिमटा.
मी काही बोलले नाही.
खाणीतून घरी बसलेला माणूस
दिवसभर बारमध्ये पत्ते कुटण्यापेक्षा बरा,
एवढाच हिशोब केला होता.

आता अर्धं टेबल बेलार्मिनोचं.
दिव्याखाली बुचांवर चिकटवलेली माणसं,
दोन पेरांएवढी,
राखाडी अस्तरात सगळी एकाच आईची लेकरं.
तो आधी सावली भरतो, मग उजेड:
गालाचं हाड, नाकाचा शेंडा, खालचा ओठ.
म्हणतो, एवढ्याशा माणसाला खरा उजेड पुरत नाही, ओलिवा,
तो रंगवूनच द्यावा लागतो.

बुबुळासाठी श्वास रोखून धरावा लागतो
आणि श्वासाच्या बाबतीत हा कायमचा उधारीवर.
सदतीस वर्षांचा दगड
पिठासारखा छातीत बसलाय.
म्हणून तो खोकल्याची वाट बघतो.
खोकला येऊन गेला की जी फट उरते
तिच्यात एक ठिपका.
दुसरा डोळा पुढच्या खोकल्यानंतर.
एक जण तिरळा झाला.
'आर्सेनियो होताच तिरळा,' म्हणाला,
आणि तसाच ठेवला.

तळाच्या फळीवर त्यानं खाणीची न्हाणी मांडली.
फरशीची एकेक रेघ पेन्सिलीनं दाबून काढलेली,
कोपऱ्यात साबणाचं पाणी म्हणून वार्निशचा थेंब.
छताला साखळ्या, माझ्या तुटलेल्या हाराच्या.
पाळीवर जाताना घरचे कपडे आकड्याला लावायचे
आणि ओढून वर चढवायचे, अगदी छताशी;
खाली माणसं काळी होईपर्यंत
ते तिथे वटवाघळांसारखे लटकलेले.
कोळसा मात्र खराखुरा,
माझ्याच चाळणीतून चाळलेला.
त्या चाळणीतून आता पीठ काही चाळता येत नाही.

काल भांडी पुसता पुसता मी मोजलं.
माणसं सहा. गाठोडी सात.
अंडी मोजतात तसं परत मोजलं.
'सातवं कुणाचं?'
तो ब्रशला ओठांनी टोक काढत होता,
काढतच राहिला.

बुधवार होता तो.
भोंगा झाला, साखळ्या खडखडत उतरल्या,
एक उतरली नाही.
दोन दिवस ते गाठोडं वरच होतं म्हणे,
कारण दोरी कुणी सोडायची
हे ठरत नव्हतं.
हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.
यानंही नाही. एकोणतीस वर्षं.

गाठोडं त्यानं तपकिरी रंगवलेलं.
'हिरवा होता,' मी म्हटलं.
'शर्ट. ओविदियोचा.
रविवारच्या बाजारातून मीच आणलेला,
बाह्या लांब होत्या, त्याही मीच आखूड केल्या.'

त्यानं जुन्या बशीत हिरव्याचे दोन थेंब पाडले.
निळा घातला. नाही, म्हटलं.
पिवळा. नाही, एवढा नवा नव्हता रे तो,
धुऊन धुऊन दमलेला होता.
मग सुईच्या टोकावर करडा.
थांब.
हाच.

ब्रश त्यानं माझ्या हातात दिला.
'श्वास धर,' म्हणाला, 'माझा पुरायचा नाही.'

धरला.
मसुरीच्या डाळीएवढा शर्ट.
बाहीच्या कडेला मी एक फिकट रेघ मारली,
माझ्या टाक्यांची, जी कुणाला दिसणार नाही.
खाली रस्त्यावरून कचऱ्याची गाडी गेली
तेव्हा टेबल हललं, हात हलला नाही.

मी श्वास सोडला आणि यानं
ब्रश नेहमीसारखा पाणी समजून
माझ्या कॉफीत बुचकळला.
दोघंही हिरवट कपाकडे बघत बसलो.
'वाळल्यावर गडद होईल हं.'
'होऊ दे.'

भिंतीबाहेर अजून गवत लावायचंय म्हणतो.
उद्या ओरेगानोची दोन पाकिटं आणीन.