उतरवायची वेळ

खोक्यावरची बाई आमच्या गल्लीतली नाही.
तिचे केस मुळातच उन्हात वाळत घातल्यासारखे,
त्यावर आणखी चार पिवळ्या बटा ओढल्या
तर तिचं काय मोठं जातंय?
माझे काळे, जाड,
भिजलेल्या चऱ्हाटासारखे.
"गडद केसांवर परिणाम वेगळा दिसू शकतो"
हे खोक्याच्या बुडाला, मुंगीएवढ्या अक्षरांत.
मी ते नंतर वाचलं.

रेश्मा मुजावर वरच्या मजल्यावरून आली
स्वतःची लोकरीची सुई घेऊन,
कारण खोक्यातली पहिल्याच बटेला वाकली.
प्लॅस्टिकची टोपी, टोपीला भोकं,
भोकाभोकातून ती एकेक बट उपसत होती
आणि माझ्या डोळ्यांतून पाणी.
"कुणासाठी गं हे?"
म्हटलं, दिवाळीत दाराला निळा रंग दिला
तेव्हा नाही विचारलंस, कुणासाठी.
ती हसली
आणि पुढची बट जरा जोरात ओढली.

राजारामपुरी, बारावी गल्ली, रविवारचे सव्वातीन.
वाटीत निळसर पूड, पांढरं औषध, जुना दाढीचा ब्रश.
वास असा, की आतल्या खोलीत आप्पा खोकले.

आप्पा चाळीस वर्षं गुळवे होते
वडणग्याकडच्या एका गुऱ्हाळावर.
पाक उतरवायची वेळ त्यांना घड्याळ सांगत नसे.
बुडबुडे सांगत.
थंड पाण्यात सोडलेल्या थेंबाची गोळी सांगे.
काळपट रव्याला सौद्यात कोण विचारतंय,
म्हणून मालक काहिलीत पांढरी पावडर टाकायला लावायचा.
आप्पा टाकायचे.
घरी मात्र काळाच गूळ आणायचे.
मला मांडीवर घेऊन आत्या एकदा म्हणाली,
"ही पोरगी बिनपावडरीची निघाली बघा."
सगळे हसले. मीपण हसले.
सात वर्षांची होते, हसायचं असतं एवढं कळत होतं.

खोक्यावर पंचेचाळीस मिनिटं.
अठ्ठाविसाव्या मिनिटाला नळ खरखरला.
आमच्याकडं पाणी येतं तेव्हा येतं,
आणि जाताना फक्त घसा साफ करतं.
"धू! आत्ताच्या आत्ता धू!" रेश्मा ओरडली,
एका हातानं बादली, दुसऱ्यानं माझी मान दाबून.
मोरीत वाकलेली मी,
कानात फेस, कोपरापर्यंत ओघळ,
शेवटचा तांब्या पिण्याच्या कळशीतला.

आरशात
पिवळं नाही, मधाळ नाही,
खोक्यावरचं काहीच नाही.
कपाळाजवळ नारिंगी, मागं विटकरी,
कानावर टोपीच्या भोकातून झिरपलेला
एक गोल ठिपका, बिबट्याला शोभेल असा.
"छान आलंय की,"
रेश्मा म्हणाली, टोपीकडं बघत.

आप्पा भिंत धरत बाहेर आले.
चष्मा पुसला. लावला.
एक बट दोन बोटांत धरून उजेडाला नेली,
ढेप फोडून कण बघावा तशी.
"लवकर उतरवलीस."
"पाणी चाललं होतं, आप्पा."
"मग बरोबर हाय. पाण्याफुडं कुणाचं चाललंय."
बट उलटी केली, अंगठ्यानं चोळली.
"दोन नंबर."
आणि खोलीकडं वळता वळता,
"खाणारा खातोय. लई गोड असतोय त्यो."

मी टॉवेल डोक्याला गुंडाळला.
मग सोडला.

रेश्मा अजून जागची हलली नव्हती.
पुडीत अर्धी पूड उरलेली,
ती तोंड दुमडून रबर लावत होती,
रबर काढत होती, परत लावत होती.
"माझी एकच," ती म्हणाली.
"आतली. ओढणीखाली राहील अशी."
म्हटलं, पहाटे पाचला पाणी येतं. ये.
"मोबाईलला गजर लावू?"
नको.
आप्पा जागेच असतात तेव्हा.
उतरवायची वेळ ते सांगतील.