नाव ठेवू नकोस

तळघरात, धुण्याच्या मशीनमागे,
बुटाच्या नाडीएवढं काहीतरी पडलं होतं.
इरावती उचलायला गेली
आणि नाडीनं मान वर केली.

दह्याच्या रिकाम्या डब्यात घेतलं.
मी चष्मा लावून वाकलो.
मण्यार? पट्टे कुठायत.
कवड्या? छे. फुरसं तर नाहीच.
एवढ्यात माझी नावं संपली.
ओहायोत मी सापांच्या विषयात नापास.

कुडाळच्या आत्याला फोटो पाठवला.
"साप म्हणू नये धाकला," ती म्हणाली,
आणि पुढचं गिळलं;
काका शेजारीच जेवत होते.

मग कुंपणापलीकडून वर्ना आली,
ऐंशीची, नखांत माती.
गवताची काडी लावली तशी
शेपटी स्प्रिंगसारखी वळली,
खालून हळदीचं पोट,
गळ्याभोवती तशीच एक रेघ.
"रिंगनेक. गांडुळं खातो.
तुला चावायचं म्हटलं तरी
तोंड पुरणार नाही त्याला."

"बाबा, ठेवू या? याचं नाव…"
"नाव ठेवू नकोस," मी घाईनं म्हणालो,
"नाव ठेवलं की ठेवावं लागतं."

तरी तीन रात्री ठेवलंच.
ओला पेपर टॉवेल, झाकणाला दाभणाची भोकं,
एक गांडूळ, जसंच्या तसं,
त्याच्याहून जाड.

चौथ्या दिवशी, मला न विचारता,
तिनं वर्नाच्या लाकडांच्या ढिगाशी
डबा आडवा केला.
ते लगेच गेलं नाही.
काठाशी थांबून जीभ काढली, दोनदा,
मग कुणी पलीकडून ओढल्यासारखं
आत.

डबा घासून ठेवलाय.
भोकांच्या झाकणाखाली दही लावता येत नाही.
टाकवतही नाही.