रिकाम्या पानाची राखण

रात्रीचा दीड. मानेवाडा, तिसरा मजला.
कूलरचं गवत वाळलंय, पंप नुसताच गुरगुरतो,
आणि मी एका पानाकडे बघत बसलेय
ज्यावर काही लिहिलेलं नाही.
लिहिलं जाऊ नये, एवढ्यासाठीच ते आहे.

चार हजार शहाण्णव बाइट.
नव्या पोरांना मी सांगते, स्टॅक खाली वाढतो,
विहीर खणल्यासारखा. एकेक फंक्शन
परतीचा पत्ता कमरेला खोचून उतरतं.
तळाखाली हा थर. पहार लागली
की कर्नल जागा होतो, विचारतो, कोण?
मग आणखी पानभर खणू देतो
किंवा तिथल्या तिथे संपवतो.

आजचा घोळ वेगळाच.
कळमन्याच्या वजनकाट्यावरचं मशीन
दर ट्रकमागे एका पानाने जड होतंय.
आंब्यांनी नाही. आतून.
प्रोग्राम म्हणतो, माझी सगळी पानं जागेवर खिळव,
आणि कर्नल इमानदारीने एकेकाला शिवत जातो,
रिकाम्यालाही.
शिवलं की ते रिकामं उरत नाही.
त्याच्याखाली नवं रिकामं. पुढच्या ट्रकला तेही.
तीनशेव्या ट्रकला शेजाऱ्याच्या भिंतीत पहार.

बाबा सुधार प्रन्यासात अनुरेखक होते.
दोन प्लॉटांमधलं दीड मीटर
काळ्या शाईने कोरं सोडायचे.
आमच्या लेआउटात भोयरकाकांनी त्या कोऱ्यात
आधी सायकल टेकवली, मग पत्रा, मग जिना.
बाबा दर रविवारी टेप घेऊन मोजायला जात.
चिखलात पाय रुततो म्हणून
दोन फरश्या टाकल्या तिथे.
स्वतःच.

फोनवर प्रज्योत झाडे, जांभई देत:
"रिकामं हाय का पाहाले हात लावाचाच काहून, निकोसे?"

लावायचा नाही.
ते पान स्टॅकच्या हद्दीत धरायचंच नाही,
कुणाच्याच सातबाऱ्यावर चढवायचं नाही.
फक्त खाली कुणी जागा मागायला आलं
की आठवायचं: इथपर्यंत नको, थोडं अलीकडे थांबा.
आणि एकच पान सोडून भागत नाही.
एखादं फंक्शन मोठा अ‍ॅरे घेऊन येतं
आणि न शिवता पलीकडे उडी मारतं,
घंटा मुकीच राहते.
म्हणून दोनशे छप्पन्न.
एवढी जागा वाया? विचारतील सकाळच्या मीटिंगमध्ये.
हो, म्हणेन. पत्त्यांची जागा आहे, खऱ्या मेमरीचा
एक बाइटही लागत नाही. तरी विचारतीलच.

एकोणीस ओळी काढल्या, अकरा घातल्या.
बदलाच्या वर्णनात काय लिहावं ते सुचेना.
"मोजणी थांबवली" असं लिहिलं, खोडलं.

पावणेपाचला पहिला ट्रक काट्यावर चढला.
मग दुसरा. मग अकरावा.
आकडा हलला नाही.

त्या फरश्या अजून असतील तिथे,
कुणाच्या तरी जिन्याखाली.
कूलरमध्ये पाणी टाकायचं राहिलंच.